कोटांच्या खोलीतून

त्या रात्री एझेल आलाच नाही.
डेटनला येणाऱ्या हायवेवर बर्फ साचला होता,
बर्फात व्हॅन, व्हॅनमध्ये एझेल
आणि बँडचे सगळे ड्रम.
पेट्रोल पंपावरून एकदाच फोन आला:
तुम्ही सुरू करा.

सुरू करा म्हणे. कशावर?
समोर दोनशे लोक, अंगावर शनिवारचे कपडे,
खिशात शुक्रवारचा पगार.

मी सतरा वर्षांची. कोट सांभाळायचे.
कोट घ्यायचा, पितळी बिल्ला द्यायचा,
कोट द्यायचा, पंचवीस सेंट घ्यायचे.
ओली लोकर सगळं पिऊन टाकते.
माझ्यापर्यंत गाणं यायचं ते साल काढलेलं,
ट्रम्पेटची चमक नाही, शब्द नाहीत,
थर्लोच्या बेसचा गुडघ्यात शिरणारा घुमारा तेवढा.
आणि व्हर्डेल टिब्सची गिटार?
दोन वर्षांत मला ती ऐकूच आली नव्हती.
वाटायचं, कुणाचा तरी मेहुणा असेल,
ठेवलाय आपला.

दिवसा तो फ्रिजच्या कारखान्यात
दारांना रबर बसवायचा.
दार लोटायचं, कान लावायचा.
फप्. बरोबर.
फप्. बरोबर.
फस्स. काढ, परत बसव.
पाळीला आठशे दारं.

तर त्या रात्री हा माणूस पुढे आला.
मी पडदा सारून पाहिलं.
डावा हात त्यानं तारांवर ठेवला,
दाबला नाही,
ताप बघायला कपाळावर ठेवावा तसा नुसता टेकवला.
आणि उजवा हात मनगटातून सुटला,
हात धुतल्यावर पाणी झटकावं तसा,
फक्त झटकणं संपेचना.

चिक्. चिकिचिक्. चिक्.
सूर नव्हताच त्यात.
तार होती, लाकूड होतं, नखाएवढं प्लास्टिक होतं,
कोरड्या शेंगा कुणी पोत्यात हलवाव्यात तसा आवाज.
एका आवर्तनात सोळा वेळा हात खालीवर,
सूर मात्र दोनदा, फार तर तीनदा:
बोटं दाबली, कॉर्ड उजळला, पुरता दिसायच्या आत
फप्.
सोळा आण्यांतले तेरा त्यानं मुठीतच ठेवले,
आणि त्या न खर्चलेल्या तेरांवर
दोनशे माणसं नाचायला लागली.

समेवर थर्लो पाय रोवून उभा होता.
बाकीचं घर व्हर्डेलचं.
खुंट्यांवरचे कोट हलत होते. रिकाम्या बाह्या.
मी बिल्ले मोजत होते, तीनदा मोजले,
तीनदा वेगळे आले.

दीड वाजता एझेल पोचला.
पापण्यांवर बर्फ, हातात नुसत्या काठ्या.
कोट माझ्या अंगावर टाकला, बिल्ला घेतला नाही.
आता धावत जाईल वाटलं.
गेला नाही.
काठ्या काखेत धरून दारात उभा राहिला,
एक गाणं, मग दुसरं.
मग म्हणाला, माझ्याशी नव्हे,
समोरच्या भिंतीशी म्हणावं तसं:
अकरा वर्षं हा माझ्यापुढे उभा राहून
हे वाजवतोय,
आणि मी समजत होतो ते माझं आहे.

शेवटी ट्रम्पेटवाल्यानं व्हर्डेलला खूण केली,
घे, तुझी पाळी, मोकळा वाजव.
त्यानं मान हलवली. नको.
हात मात्र थांबला नाही, नको म्हणतानाही
चिकिचिक्.

बिल्ला एकसष्ट. जुना तपकिरी कोट.
मनगट इतकं सुजलेलं की बाहीत जाईना.
मी बाही धरली. तो थँक्यू म्हणाला,
आणि मला काही बोलायचं होतं ते राहिलं.
बाहेर पडला. दार मागे लोटलं गेलं.

मग काचेतून दिसलं, तो बर्फात थांबलाय,
मान वळवून, कान दाराकडे.
परत आला. चौकटीवरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत.
याचं रबर गेलंय, म्हणाला.
मालकाला सांग.